मुठीएवढे स्पीकर आणि टेबलाखालचा षड्ज

नाशिकहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्या लिहितात:

‘आमचा हॉल १४ फूट बाय १० फूट आहे. लांब भिंतीवर टीव्ही आणि समोरच्या भिंतीला टेकून सोफा. मुलाला सिनेमासाठी ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) हवं आहे. सासरे रोज सकाळी दोन तास शास्त्रीय गाणं ऐकतात, तेही त्याच यंत्रावर ऐकायचं. मोठी खोकी हॉलमध्ये नकोत, हे माझं म्हणणं. दुकानात मुठीएवढे पाच स्पीकर आणि एक सबवूफर असा संच ऐकला. सिनेमा झकास वाटला. सासऱ्यांनी पेनड्राइव्हवर नेलेला ख्याल लावला तर ते लगेच म्हणाले, “गवय्या भिंतीवर आणि त्याचा षड्ज टेबलाखाली!” दुकानदार म्हणतो, चार दिवसांत कानाला सवय होईल. बजेट एक लाख. पुढच्या महिन्यात रंगकाम आहे, वायरी भिंतीतून काढून घ्यायच्या आहेत. छोटे स्पीकर घ्यावेत का, आणि कोणते?’

ताई, सासऱ्यांचा कान अगदी बरोबर आहे. कानाला याची सवय होत नाही. होतं ते इतकंच, की माणूस हळूहळू गाणं लावायचंच सोडून देतो. तरीही छोटे स्पीकर घ्या. मात्र दुकानदारानं दाखवले ते नको.

त्या दुकानात नेमकं काय घडलं ते आधी सांगतो, कारण ते कळलं की निवड निम्मी झाली. सॅटेलाइट म्हणजे असा स्पीकर, ज्यानं खालचे सूर वाजवायचेच नाहीत असं ठरवून तो लहान केलेला असतो. खालचं सगळं काम सबवूफरकडे, म्हणजे टेबलाखालच्या बासच्या खोक्याकडे. हे वाटप ज्या कंपनसंख्येला होतं तिला क्रॉसओव्हर म्हणतात. साधारण ८० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला ८० कंपनांच्या) खालचा आवाज कुठल्या दिशेनं येतोय हे माणसाच्या कानाला नीट सांगता येत नाही. म्हणून सिनेमाच्या जगात ८० हा आकडा रूढ झाला. सबवूफर कोपऱ्यात असला तरी चालतो, आवाज समोरूनच आल्यासारखा वाटतो. पण मुठीएवढ्या स्पीकरचा पडदा, म्हणजे हिंदकळून आवाज काढणारा भाग, अडीच-तीन इंचांचा. तो ८० पर्यंत उतरतच नाही. १५०, कधी कधी २०० हर्ट्झपासूनच त्याला हात टेकावे लागतात. मग तिथपर्यंतचं सगळं सबवूफरला द्यावं लागतं, आणि १५० हर्ट्झचा आवाज कुठून येतोय हे कानाला स्वच्छ कळतं.

आता आपलं गाणं या आकड्यांवर ठेवून बघा. पुरुष गायकाची पट्टी काळी एक धरली, तर मध्य षड्ज येतो सुमारे १३९ हर्ट्झवर. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा तिथेच. पंचमाची तार १०४ वर आणि खर्जाची ६९ वर. म्हणजे चारही तारांचा मूळ स्वर १५० च्या खाली! गायक मंद्रात उतरला की त्याचा गळाही तिथेच. डग्ग्याचा घुमारही तिथलाच. दुकानातल्या संचात हे सगळं टेबलाखालच्या खोक्यातून येत होतं, आणि तानपुऱ्याची जवारी, शब्दांची व्यंजनं, तबल्याच्या चाटीचा टणत्कार भिंतीवरच्या चौकोनातून. एकच माणूस दोन जागी बसून गातोय असं सासऱ्यांना वाटलं, कारण खरोखर तसंच घडत होतं. बाईंच्या गाण्यात हा दोष कमी जाणवतो. काळी चार पट्टी धरली तर मध्य षड्जच २०८ हर्ट्झवर असतो. म्हणून संच पारखताना पुरुषाचा आवाजच लावायचा.

मग सिनेमा झकास का वाटला? स्फोट, गडगडाट यांच्यासाठी सिनेमाच्या ध्वनिपट्टीत वेगळा चॅनल असतो, ५.१ मधला तो ‘.१’. १२० हर्ट्झपर्यंतचंच त्यात असतं आणि ते सबवूफरलाच जायचं असतं. भूकंप टेबलाखालून आला तर कोणाची तक्रार? शिवाय समोर चित्र असलं की डोळा कानाला ओढून नेतो. ओठ पडद्यावर हलताना दिसले की आवाजही पडद्यावरूनच आला असं मेंदू ठरवून टाकतो. गाणं डोळे मिटून ऐकणाऱ्याला ही मदत मिळत नाही.

लहान पडद्याची अडचण कंपनीच्या हुशारीनं पूर्ण सुटत नाही, कारण ती हवेची अडचण आहे. आवाज तेवढाच मोठा ठेवून एक सप्तक खाली उतरायचं तर पडद्याला चौपट लांब हिंदकळावं लागतं. त्यात तीन इंची पडद्याचं क्षेत्रफळ साडेसहा इंचीच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढं. पोस्टकार्डानं वारा घालणं आणि सुपानं वारा घालणं यात जो फरक, तोच इथे. या विषयात हॉफमनचा नियम म्हणून एक गोष्ट सांगतात. जे. अँटन हॉफमन हे अमेरिकेतल्या केएलएच कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी एक, नावातला ‘एच’ त्यांचाच. खोल बास, लहान खोकं आणि कमी वीज खाऊन मोठा आवाज, या तिन्हींतल्या दोनच गोष्टी एका वेळी मिळतात, असा तो नियम. त्यांच्याच मंडळींतले एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये बंद खोक्याचा एआर-१ हा स्पीकर काढला आणि लहान आकारातून खोल बास मिळवून दाखवला. किंमत मोजली ती ताकदवान अ‍ॅम्प्लिफायरनं. आजच्या सबवूफरमध्ये दोन-तीनशे वॅट बसवलेले असतात ते त्यामुळेच. १९८७ मध्ये बोसनं अ‍ॅकूस्टिमास आणल्यावर छोटे चौकोन आणि लपवलेलं बासचं खोकं ही मांडणी घरोघरी पोचली. हॉल मोकळा दिसावा म्हणून ती लोकांना आवडली, आणि तुमचं म्हणणंही तेच आहे. ते रास्तच आहे. घर राहायला असतं.

म्हणून माझं सांगणं: पुढचे तीन स्पीकर असे घ्या की ते स्वतःच्या बळावर १०० हर्ट्झपर्यंत, जमल्यास ९० पर्यंत नीट उतरतील. त्यासाठी पडदा चार इंचांचा किंवा साडेचारचा लागतो. असा स्पीकर मुठीएवढा नसतो, दीड-दोन लिटरच्या डब्याएवढा असतो. तुमच्या टीव्हीच्या दोन बाजूंना तो भिंतीवर लावला तर पाहुण्यांच्या लक्षातही यायचा नाही. एवढ्या एक-दोन इंचांच्या फरकानं क्रॉसओव्हर १५०-२०० वरून १०० वर येतो, गायकाचा गळा एका जागी बसतो आणि सबवूफरकडे फक्त खर्ज आणि डग्ग्याचा तळ उरतो.

माहितीपत्रक वाचताना एक सावधगिरी. ‘८० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ असं मोठ्या अक्षरात असतं. त्यापुढे ‘± ३ डीबी’ (डीबी म्हणजे डेसिबल, आवाजाच्या चढउताराचं माप) लिहिलेलं असेल तरच तो आकडा धरा. ‘– १० डीबी’ लिहिलं असेल तर ८० ला आवाज अगदी क्षीण झालेला असतो, प्रत्यक्षात तो स्पीकर ११०-१२० लाच दमलेला असतो. आणि काहीच लिहिलेलं नसेल तर तो आकडा नसल्यासारखाच. सॅटेलाइट १५० ला थांबतो आणि सबवूफर १२० च्या वर नीट जात नाही, असे संच बाजारात खूप आहेत. मध्ये जो खड्डा पडतो त्यात पुरुषी आवाजाचा भरदारपणाच जातो. पीएमपीओ वॅटचे, म्हणजे क्षणभराच्या फुगवलेल्या ताकदीचे, हजारांतले आकडे कोणी सांगू लागलं तर ऐकूनच घेऊ नका, आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद विचारा.

आता दुकानात काय करायचं ते. सासऱ्यांना बरोबर न्याच, त्यांच्याइतका चांगला पारखी तुम्हाला मिळणार नाही. त्यांचा नेहमीचा ख्याल लावा आणि दुकानदाराला म्हणा, सबवूफर बंद करा. आता फक्त दोन सॅटेलाइट वाजताहेत. बास कमी होणारच, पण गायक ओळखीचा वाटला पाहिजे. तो फोनवरून गातोय असं वाटलं तर स्पीकर परत ठेवा. मग उलट करा: सॅटेलाइटच्या वायरी काढा, नुसता सबवूफर वाजू द्या. त्यातून बंदिशीचे शब्द कळले तर वाटप फार वर झालंय. नुसती घरघर ऐकू आली पाहिजे, शब्द नाहीत. शेवटी दोन्ही एकत्र आणि विलंबित एकतालाचा ठेका. तबलजी डाव्या हाताचं मनगट डग्ग्यावर दाबून पुढे सरकवतो तेव्हा तो घुमार खालून वर चढतो, हाच घिस्सा. डोळे मिटून तेवढाच ऐका. तो चढताना जागच्या जागी राहतो, की मध्येच टेबलाखालून भिंतीवर उडी मारतो? जागचा हलत नसेल तर सांधा जमला. कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा मी या एका घिस्स्यावर जास्त विश्वास ठेवतो.

दुकानदारानं आवाज वाढवून ऐकवला तर घरी ऐकता तेवढ्यावर आणायला सांगा. मोठा आवाज कानाला नेहमीच जास्त चांगला वाटतो. दोन संच तोलताना दोन्हींचा आवाज सारखा हवा, नाहीतर जो थोडा मोठा तोच जिंकतो.

मधल्या स्पीकरबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सिनेमातले बहुतेक संवाद त्यातूनच येतात. तो डाव्या-उजव्याच्याच मालिकेतला घ्या, म्हणजे पात्र पडद्याच्या या टोकाकडून त्या टोकाला गेलं तरी त्याचा आवाज बदलत नाही. आडवा मधला स्पीकर, दोन बाजूंना दोन पडदे आणि मध्ये ट्वीटर (वरचे सूर काढणारा छोटा भाग), अशी नेहमीची रचना असते. त्यात सोफ्याच्या टोकाला बसलेल्याला संवाद पातळ ऐकू येतात, कारण दोन पडद्यांचा आवाज त्याच्यापर्यंत थोड्या फरकानं पोचतो आणि काही सूर एकमेकांना खातात. तुमच्या सोफ्यावर तिघं-चौघं बसणार, तेव्हा टोकाला बसून ऐकून बघा. ट्वीटर स्पीकरच्याच पडद्याच्या मधोमध बसवलेला असतो त्या रचनेत हा त्रास बराच कमी. केईएफ कंपनीचं युनी-क्यू हे त्याचं जुनं उदाहरण, १९८८ पासूनचं. त्यांच्या अंड्याच्या आकाराच्या सॅटेलाइटमध्येही तेच आहे. केंब्रिज ऑडिओच्या मिंक्समध्ये सव्वादोन इंची सपाट पडदा आहे, त्याचा आवाज बाजूलाही छान पसरतो, पण तळाची मर्यादा त्यालाही चुकलेली नाही. सिनेमाला तो गोड, सासऱ्यांच्या ख्यालाला अपुरा. पुढचे तिन्ही अगदी एकसारखे उभे स्पीकर मिळाले आणि मधला टीव्हीखाली मावला, तर मी तेच निवडेन. नुसत्या ‘होम थिएटर संचा’च्या नादी लागू नका. त्यातल्या काहींत सॅटेलाइटच्या वायरी बासच्या खोक्यातूनच जातात, जोडण्याही त्यांच्याच ठेवणीच्या असतात. एक भाग बिघडला की सगळा संच भंगारात. साधे, सुटे, लाल-काळ्या टर्मिनलचे स्पीकर घ्या.

सबवूफर आठ इंचीपेक्षा दहा इंची, आणि शक्यतो बंद खोक्याचा घ्या. भोकाचं खोकं त्याच पैशांत जास्त धडधड देतं, मुलाला तेच आवडेल. पण डग्ग्याला जो नेमका थांब लागतो तो बंद खोक्यात सहज मिळतो. रिसिव्हर, म्हणजे सगळे स्पीकर चालवणारं यंत्र, घेताना वॅटमध्ये अडकू नका, ८ फुटांवरून ऐकायला प्रामाणिक ५०-६० वॅट पुरतात. बघायचं ते हे: प्रत्येक जोडीचा क्रॉसओव्हर ८०, १००, १२० असा वेगवेगळा ठेवता येतो का, सोबत माइक देऊन खोली मोजण्याची सोय आहे का, आणि टीव्हीचा आवाज रिसिव्हरकडे आणणारी एचडीएमआय एआरसी जोडणी आहे का. डेनॉन, यामाहा, ओंक्यो यांच्या खालच्या मॉडेलांतही यातलं बरंचसं असतं, पण क्रॉसओव्हर वेगवेगळा ठेवता येतो का हे त्या-त्या मॉडेलचं तपासून घ्या.

जोडल्यावर मोजणी यंत्राला करू द्या, पण मग मेन्यू उघडून तपासा. सगळे स्पीकर ‘स्मॉल’ असलेच पाहिजेत. कधी कधी यंत्र त्यांना ‘लार्ज’ ठरवतं, मग चार इंची पडदा खर्ज वाजवायच्या नादात फाटका आवाज काढतो. पुढच्या तिघांना १०० ठेवा. सबवूफरच्या मागचं क्रॉसओव्हरचं बटण पूर्ण वर नेऊन ठेवा, कारण गाळणी रिसिव्हरमध्ये आधीच लागली आहे आणि दोनदा गाळलं की सांध्यात खड्डा पडतो. गाण्यासाठी ‘स्टिरिओ’ दाबा, म्हणजे दोन स्पीकर आणि सबवूफर. ‘डायरेक्ट’ नावाचं बटण ऐकायला शुद्ध वाटतं, पण काही रिसिव्हरमध्ये ते दाबलं की सबवूफरच बंद होतो. सासऱ्यांना हे बटण दाखवून ठेवा, नाहीतर एक दिवस तानपुरा अर्धाच वाजेल आणि कारण कळणार नाही. मराठी मालिका, नाटकांची चित्रीकरणं बहुधा स्टिरिओच असतात. तिथे ‘डॉल्बी सराउंड’ लावलं की दोन्हीकडे सारखा असलेला आवाज, म्हणजे मुख्यतः संवाद, मधल्या स्पीकरकडे जातो आणि टोकाला बसलेल्यालाही शब्द समोरून ऐकू येतात.

आता जागा आणि वायरी. टीव्ही ते सोफा ८ फूट धरले तर डावा-उजवा एकमेकांपासून ७ ते ९ फूट ठेवा, ट्वीटर बसलेल्याच्या कानाच्या उंचीवर. तसबिरीसारखे वर छताशी टांगू नका आणि शोकेसच्या कप्प्यात कोंबूही नका. मागचे दोन सोफ्याच्या मागे नव्हे, दोन्ही बाजूंना, कानापेक्षा फूट-दीड फूट वर. क्रॉसओव्हर १०० असल्यामुळे सबवूफर टीव्हीच्याच भिंतीला, मध्याजवळ ठेवा. १४ फुटी लांबीत ४० हर्ट्झ आणि १० फुटी रुंदीत ५६ हर्ट्झ, या दोन सुरांना तुमची खोली स्वतःच घुमणार. भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर तर ५६ चा घुमार सर्वात जास्त. सोफा फूटभर पुढे ओढता आला तर फार फरक पडेल. सबवूफर नेमका कुठे ठेवायचा हे शोधण्याची एक जुनी पद्धत आहे: तो तात्पुरता सोफ्यावरच, बसायच्या जागी ठेवायचा, डग्गा लावायचा आणि टीव्हीच्या भिंतीलगत वाकून, डोकं जमिनीजवळ नेऊन फिरायचं. जिथे ठेका सगळ्यात सुटसुटीत ऐकू येतो तिथे सबवूफर ठेवायचा. मुलाला हे काम द्या, तो आनंदानं करेल.

हॉलमध्ये नुसत्या व्हिट्रिफाइड फरश्या असतील तर सोफा आणि टीव्हीच्या मध्ये जाड सतरंजी घाला. लहान स्पीकरचे वरचे सूर गुळगुळीत फरशीवर आपटून टोचतात.

इलेक्ट्रिशियनला सांगायचं ते इतकंच: टीव्हीमागच्या एका पेटीतून पाचही जागांना वेगळे पाइप, विजेच्या पाइपापासून दूर. आत दीड चौरस मिलिमीटरची दोन पदरी, निखळ तांब्याची वायर. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते, ती भिंतीत घालू नका. सबवूफरसाठी टीव्हीच्या भिंतीवर दोन ठिकाणी सिग्नलची केबल आणि विजेचा पॉइंट काढून घ्या, म्हणजे जागा बदलायला वाव राहतो. एका पदराला दोन्ही टोकांना खूण करून घ्या. एका स्पीकरचं अधिक-उणे उलटं झालं की गायक मधोमध बसायचा सोडून खोलीभर विरघळतो आणि बास गायब होतो, आणि दोष स्पीकरवर येतो. भिंत सिपोरेक्सची (हलक्या, सच्छिद्र ब्लॉकची) असेल तर त्यासाठीचे खास प्लग मागा.

खालच्या मजल्यावरच्यांचाही विचार आत्ताच करा. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसा ५५. बास स्लॅबमधून उतरतो, त्याला दार लावून उपयोग नाही. सबवूफरखाली जाड रबर ठेवा आणि रात्रीच्या सिनेमाला रिसिव्हरचा नाइट मोड लावा. त्यात स्फोट दबतात आणि कुजबुज वर येते.

पैशांची वाटणी मी अशी करेन: पुढच्या तिघांना चाळीस हजार, सबवूफरला पंचवीस, रिसिव्हरला तीस, उरलेले वायरी आणि ब्रॅकेटना. मागच्या दोघांचे पाइप भिंतीत घालून ठेवा, स्पीकर पुढच्या वर्षी घ्या. ते छोटे, मुठीएवढे असले तरी चालतील. तिथून पाऊस आणि पाखरं ऐकू यायची असतात, ख्याल नव्हे. मुलगा कुरकुर करेल. त्याला सांगा, ३.१ वरही सिनेमा उत्तम दिसतो आणि ऐकू येतो. पाच स्वस्त घेऊन पुढचे तीन बदलायची वेळ आली तर मात्र पैसे दोनदा जातील.